विमानातलं चमकणारं कीपॅड घरी बनवता येतं. मग अडचण नेमकी कुठे?

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर आधी पांढरा, त्यावर काळा रंग द्यायचा. लेझरने काळा थर काढून अक्षरं कोरायची, मागे एलईडी लावायचे. झालं अंधारात उजळणारं कीपॅड! अमेरिकेत स्वतःचं विमान बांधणारे हौशी लोक असं कीपॅड घरीच बनवू शकतात.

याला परवानगी कशी? विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी केलेलं असेल, तर तिथे ते ‘एक्सपरिमेंटल’ गटात मोडतं. मग प्रत्येक सुट्या भागाला वेगळी मंजुरी लागत नाही. प्रवासी विमानात मात्र असं घरगुती पॅनल परस्पर बसवता येत नाही.

पण नियमातून सूट मिळाली म्हणून धोका टळत नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला साधारण ३० मिनिटं लागतात. कीपॅडचा उजेड भगभगीत असेल, तर ही तयारी काही क्षणांत वाया जाते. म्हणून तो अगदी मंद करता यायला हवा. त्यासाठी एलईडी वेगाने चालू-बंद करणारं सर्किट वापरलं, तर त्याची खरखर रेडिओत येऊ शकते.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. एअरबस ए३५० च्या दोन विमानांत कॉकपिटच्या पॅनलवर पेय सांडलं आणि उड्डाणातच एकेक इंजिन बंद पडलं. त्यानंतर २०२० मध्ये युरोपच्या नियामकाने त्या पॅनलभोवती पेय न्यायला मनाई केली.

थोडक्यात, कीपॅड उजळवणं सोपं आहे. रात्री, हादऱ्यांत आणि कॉफी सांडल्यावरही त्यावर भरवसा ठेवता येणं, ही खरी परीक्षा!