नकाराचे ओझे ग्राहकाच्याच माथी

दूरचित्रवाणी, मोबाइल आणि इंटरनेट या तिन्ही साधनांनी शहरी घरात प्रवेश केला तो एकच आश्वासन देऊन. निवड तुमची, हे ते आश्वासन. दूरदर्शनवर लागेल ते पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती रिमोट आला, रांगेत ताटकळणाऱ्याला घरबसल्या तिकीट मिळू लागले. प्रत्यक्षात आज त्याच घरातील माणसाचा दिवस निवडण्यापेक्षा नाकारण्यातच अधिक खर्च होतो. कर्ज हवे का विचारणारा फोन तोडायचा, संकेतस्थळ उघडताच समोर येणारी चौकट बंद करायची, न मागितलेल्या विम्यासमोरची बरोबरची खूण काढायची, जाहिरात सुरू होताच आवाज कमी करायचा. या किरकोळ कटकटी समजून सोडून देण्याची रीत आहे. मात्र गेल्या दोन दशकांतील नियम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यामागे एक समान सूत्र दिसते. ग्राहकाचा होकार गृहीत धरला जातो आणि ‘नको’ सांगण्याचे श्रम त्याच्यावर सोपवले जातात.

वाहिन्यांची निवड

दूरचित्रवाणीचे उदाहरण बोलके आहे. २००६ च्या अखेरीस दक्षिण मुंबईसह दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत ‘कॅस’ पद्धत लागू झाली. सशुल्क वाहिनीसाठी महिना कमाल ५ रुपये दर ठरला. हवी तीच वाहिनी घ्या आणि तिचेच पैसे द्या, अशी ती कल्पना होती. पुढे २०१२ मध्ये मुंबईत केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले, तर फेब्रुवारी २०१९ पासून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, अर्थात ‘ट्राय’ची नवी दररचना अमलात आली. १०० वाहिन्यांसाठी कर वगळून १३० रुपये आणि त्यावर आवडीच्या वाहिन्यांचे स्वतंत्र शुल्क, असा हिशेब मांडला गेला.

कागदावर हे ग्राहकाचे राज्य होते. परंतु शेकडो वाहिन्यांच्या यादीतून एकेक वाहिनी निवडून बेरीज मांडण्यास सवड कोणाला? ज्यांनी निवड कळवली नाही, त्यांच्यासाठी केबलचालकाने ‘बेस्ट फिट प्लॅन’ ठरवावा, अशी सूचना ‘ट्राय’ला त्याच महिन्यात करावी लागली. दुसरीकडे, सुट्या वाहिन्यांच्या बेरजेपेक्षा गठ्ठा स्वस्त ठेवला की ग्राहक आपणहून नको असलेल्या वाहिन्याही घेतो, हे गणित प्रसारण कंपन्यांना पक्के ठाऊक होते.

जाहिरातींचेही तेच. तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती नसाव्यात आणि त्यांचा आवाज अवाजवी मोठा नसावा, असे केबलविषयक नियमावली सांगते. वेळेच्या मर्यादेला वाहिन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. आवाजाचा नियम मात्र घराघरांत रिमोटच पाळतो.

पाच पैशांचा संदेश, पाच मिनिटांचा ताप

दूरध्वनीच्या बाबतीत ही असमानता अधिक ठळक आहे. नको असलेल्या व्यापारी फोनपासून सुटका व्हावी, यासाठी २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नाव नोंदवले नाही, तर फोन येतच राहणार, हा तिचा पाया होता. सप्टेंबर २०११ पासून सुधारित नियम लागू झाले, १९०९ हा क्रमांक देण्यात आला आणि बँका, घरबांधणी, शिक्षण अशा गटांनुसार नकार कळवण्याची सोय झाली. २०१८ च्या नियमांनी संदेश पाठवणाऱ्यांची नोंदणी सक्तीची केली. तरीही फोन थांबले नाहीत. नोंदणीकृत मार्गावर पहारा बसताच जाहिरातदारांचे मध्यस्थ साध्या दहा अंकी क्रमांकांकडे वळले.

याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा अर्थकारणात आहे. संदेश पाठवण्याचा खर्च पैशांत मोजला जातो. हजारातून दोघांनी प्रतिसाद दिला तरी पाठवणाऱ्याचे भागते. उरलेल्या ९९८ जणांचा वाया गेलेला वेळ कोणाच्याच हिशेबवहीत नोंदला जात नाही. तक्रार करायची तर तारीख, क्रमांक, मजकूर जपून ठेवण्याचे कामही पुन्हा त्यांचेच.

मोठे बटण ‘हो’चे

ऑनलाइन व्यवहारांत हीच क्लृप्ती पडद्याच्या रचनेत उतरली. होकाराचे बटण मोठे आणि रंगीत, नकाराचे फिकट आणि कोपऱ्यात. वर्गणी सुरू करण्यास एक टिचकी पुरते, बंद करण्यास पाच पाने ओलांडावी लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांची, म्हणजेच ‘डार्क पॅटर्न’ची यादी अधिसूचित केली. खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या नकळत खरेदीत वस्तू घुसवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणे हे प्रकार त्यात आहेत. इतकी वर्षे ज्याला ‘सवयीचा भाग’ म्हटले जात होते, त्याला प्रथमच गैरप्रकाराचे नाव मिळाले, हे या यादीचे महत्त्व.

गोंगाटाआडचा धोका

हा प्रश्न केवळ वैतागाचा असता, तर विनोदावर भागले असते. परंतु दिवसभराच्या गोंगाटात खरा फोन आणि खोटा फोन यांतील फरकच पुसला जातो. अनोळखी क्रमांक उचलायचाच नाही असे ठरवणाऱ्या घरात रुग्णालयाचा किंवा शाळेचा फोनही वाजून थांबतो. उलट प्रत्येक फोन इमानाने घेणारे ज्येष्ठ नागरिक ‘डिजिटल अटके’ची धमकी देणाऱ्या टोळ्यांच्या हाती सापडतात. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. तक्रारीसाठी १९३० ही मदतवाहिनीही आहे. मात्र भीतीच्या त्या काही मिनिटांत हे आठवणे कठीण असते. आयुष्यभराची पुंजी जाते, ती त्याच मिनिटांत.

ओझे उलट बाजूला सरकवता येते, याचे उदाहरण रिझर्व्ह बँकेने घालून दिले. खात्यातून आपोआप होणाऱ्या कार्डवरील वजावटींसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून सुरुवातीला स्वतंत्र पडताळणी आणि प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना बंधनकारक झाली. कंपन्यांची सुरुवातीला तारांबळ उडाली, पण विसरलेल्या वर्गण्यांचे पैसे गुपचूप कापले जाण्याला चाप बसला. ‘ट्राय’नेही फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले. नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी नोंदवहीत नाव असण्याची अट गेली. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, तर कारवाईची मुदत ३० दिवसांवरून पाच दिवसांवर आली.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील एक तरतूद या साऱ्याचे सार सांगते. संमती जितक्या सहजतेने दिली, तितक्याच सहजतेने ती मागे घेता आली पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील प्रमुख बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. ही तरतूद खरोखर पाळली जाते का, हे तपासण्यासाठी तज्ज्ञांच्या समितीची गरज नाही. वर्गणी घेताना किती टिचक्या लागल्या आणि सोडताना किती, एवढे मोजले तरी पुरे.