मुखपृष्ठामागचे नाव

साहित्याच्या अभ्यासकाला ग्राफिक डिझाइनशी काय कर्तव्य, असा प्रश्न आमच्या व्यवसायातील पुष्कळांना पडतो. पुस्तक हे आधी डोळ्यांना भिडते आणि मग मनाला, हे मात्र कोणी नाकारणार नाही. शीर्षकाच्या अक्षरांचे वळण, मुखपृष्ठावरील रंगरेषा आणि पानावर सोडलेली मोकळी जागा यांनी वाचकाची पहिली अपेक्षा घडविलेली असते. आम्ही वर्गात कवितेतील प्रतिमांची चर्चा तासन् तास करतो. त्या कवितासंग्रहाच्या दृश्यरूपाचा कर्ता कोण, याचा उल्लेखही करीत नाही. या उपेक्षेकडे आमचे लक्ष वेधले गेले ते संकेतस्थळांवरील डिझाइनरांच्या पोर्टफोलिओंमुळे.

पोर्टफोलिओ म्हणजे कलावंताने आपल्या नावाखाली, स्वतः निवडून मांडलेला कामांचा संचय. पूर्वी तो कापडी बांधणीच्या मोठ्या फोल्डरमध्ये असे आणि तो पाहण्याचा योग कामावर ठेवून घेणाऱ्यालाच येई. आता बिहान्ससारख्या स्थळांवर तो कोणालाही पाहता येतो. नागपूरपासून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतील किंवा आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातील कामे एरवी विदर्भातील मुलांच्या दृष्टीस कशी पडावीत? आज भंडाऱ्याचा किंवा आर्वीचा विद्यार्थी घरबसल्या जगातील उत्तम अक्षरकारांची कामे न्याहाळू शकतो. या लाभाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु पाहणे आणि शिकणे यांत अंतर आहे. पोर्टफोलिओ शिकवतो तो त्यात कामाची वाट दिसते तेव्हाच. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरनिर्मिती संस्थेचे 'मोदक' हे मुद्राक्षर पाहावे. नावाप्रमाणेच गुबगुबीत असलेल्या या अक्षरांत आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. काना, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे यांची दाटी असलेल्या देवनागरीत एवढी जाडी आणायची आणि तरीही 'ध' आणि 'घ' वेगळे ओळखू यायला हवेत, ही मोठी कसोटी आहे. तिचा विचार मनात ठेवून हे अक्षर पाहिले म्हणजे पाहणाऱ्याच्या गाठीस काही पडते. नुसते 'छान आहे' म्हणून पुढे सरकणाऱ्याच्या हाती नक्कल तेवढी लागते.

आणि नक्कल होते ती बहुधा रोमन लिपीची. पडद्यावर दिसणाऱ्या कामांत रोमन अक्षरांचा भरणा असल्यामुळे आमची मुले देवनागरीलाही तोच अंगरखा चढवतात. शिरोरेषा उडवून टाकतात, काना तिरपा करतात, अनुस्वाराला शोभेचा ठिपका समजतात. मराठीसाठी केलेले अक्षरकाम तपासण्याची एक साधी कसोटी आम्ही वर्गात सांगतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द त्यात लिहून पाहावेत. एक समुद्राचा, दुसरा डोंगरांमधला. दोहोंत फरक आहे तो केवळ 'र'च्या रूपाचा. 'ळ' सुबक आहे का, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का, हेही पाहावे. ज्या कामात हा विचार नाही ते कितीही देखणे असले तरी मराठीचे नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ज्यांच्याकडून हे शिकावे असे कलावंत मराठीत थोडे नाहीत. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार, अध्यापक आणि अक्षरांनाच चित्ररूप देणारे कवी. विंडोज २००० पासून लक्षावधी संगणकांवर आलेले 'मंगल' हे देवनागरी अक्षर त्यांचे. प्रश्नपत्रिका, अर्ज, प्रबंध अशा किती कागदांवर ते उमटले असेल! ते वापरणाऱ्यांपैकी किती जणांना त्याच्या कर्त्याचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' अशा नाटकांच्या नावांना रूप दिले. नाटकाची प्रकृती वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या अक्षरांतच कळावी, ही सवय त्यांनी मराठी प्रेक्षकाला लावली. 'माझी अक्षरगाथा'सारख्या पुस्तकांत त्यांनी आपले काम स्वतःच एकत्र केले, म्हणून ते आज सलग पाहता येते. ज्यांनी असा ग्रंथ केला नाही त्यांचे काय?

येथे कोणी म्हणेल की मुखपृष्ठ हे वेष्टन आहे आणि साहित्य आत असते. अरुण कोलटकरांचे उदाहरण या विधानाला पुरेसे उत्तर आहे. 'जेजुरी'चा हा कवी आयुष्याचा मोठा काळ जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होता. मोजक्या ओळीत वस्तू नेमकी समोर ठेवणारी त्याची नजर आणि पानावरची जागा तोलणारी त्याची नजर वेगळ्या माणसांच्या नव्हत्या, असे आम्हांस वाटते. वेष्टन आणि आशय अशी वाटणी करून त्याच्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

मुखपृष्ठकाराचे नाव मराठी प्रकाशक छापत नाहीत, असे नाही. श्रेयपृष्ठावर बारीक टायपात ते बहुधा असते. पुढे मात्र ते तेथेच राहते. परीक्षणात लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत येते. ग्रंथालयाच्या नोंदीतही मुखपृष्ठकाराला जागा नसते. त्यामुळे दीनानाथ दलालांची किंवा बाळ ठाकुरांची मुखपृष्ठे आमच्या महाविद्यालयाच्या कपाटांत कोणती आहेत, हे विचारले तर ग्रंथपाल सांगू शकत नाही. पोर्टफोलिओ जे करतो ते हेच : विखुरलेले काम एका नावाखाली आणतो. नाव जोडले गेले की काम शोधता येते, तुलना करता येते, परंपरा दिसू लागते. नाहीतर प्रत्येक पिढी शून्यापासून आरंभ करते आणि दूरच्या कामाला आपले आदर्श मानते. हुकूम देताच चित्र करून देणारी यंत्रे आता घरोघरी आली आहेत. कोणाच्या हाताने काय घडले याची नोंद नसेल, तर ते श्रेय कायमचे पुसले जाईल.

हे काम मराठी विभागांनी अंगावर घ्यावे, असा आमचा आग्रह आहे. ग्रंथालयाच्या नोंदीत मुखपृष्ठ आणि अक्षरांकन असे दोन रकाने वाढवायला खर्च येत नाही. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने वीस पुस्तकांची श्रेयपृष्ठे उतरवून घेतली तरी दोन-तीन वर्षांत मोठी सूची उभी राहील. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून येथे कार्य करीत आहे. विदर्भातील जुन्या प्रकाशकांची पुस्तके, नियतकालिके आणि दिवाळी अंक यांपासून आरंभ करता येईल. चित्रे संकेतस्थळावर चढविताना मात्र संयम हवा. आपल्या कायद्याने कलाकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तेव्हा परवानगी घेऊनच पुढे जावे. सूचीला अशी अडचण नाही. नावे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

विद्यार्थ्यांनी जगभरचे पोर्टफोलिओ अवश्य पाहावेत. त्यासोबत हातातले मराठी पुस्तक उघडून श्रेयपृष्ठावरची ती बारीक ओळही वाचावी. आणि परीक्षण लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी लेखकाच्या नावाखाली आणखी एक नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी.