घोडा इथंच राहू द्या, रेत जाऊ द्या, पण हिशोबानं



सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की दोन आरोळ्या हमखास कानावर येतात. पहिली, "देशी घोड्याचं बीज परदेशात जाता कामा नये, वारसा विकू नका." दुसरी, "बाहेर एकेका कांडीला लाख-लाख मिळतात, सरकारनं फक्त दार उघडावं." दोघंही चुकतात, आणि दोघांच्या भांडणात घोडा पाळणारा मरतो.

आधी लाखवाल्या दादांशी बोलू. गाईच्या रेतनाची सवय झाल्यानं आपल्याला वाटतं, एक कांडी म्हणजे एक डोस. घोड्याचं तसं नाही. गाईच्या पाव मिलीच्या कांडीत दोनेक कोटी शुक्राणू असले की काम भागतं. घोडीला गोठवलेल्या रेताच्या एका डोसात वितळवल्यानंतर सरळ पुढं पळणारे २५ कोटी शुक्राणू धरतात. त्यासाठी अर्ध्या मिलीच्या सात-आठ कांड्या एकदम लागतात. वळूच्या एका वेळच्या रेतातून शेकडो कांड्या निघतात, घोड्याचे दहा-बारा डोस निघाले तरी खूप. त्यातही प्रत्येक घोड्याचं रेत उणे १९६ अंशाची थंडी सोसत नाही. दिसायला देखणा, चालीला उत्तम, पण वितळवल्यावर ३० टक्के शुक्राणूही हलत नाहीत, असे घोडे असतात. तिथं घोड्याचं नाव कितीही मोठं असो, माल फेकूनच द्यावा लागतो.

आणि घोडी भरायची वेळ? गोठवलेलं रेत घोडीच्या पोटात जेमतेम अर्धा दिवस टिकतं. म्हणून स्त्रीबीज सुटण्याच्या अगदी आसपासच भरावं लागतं, त्यासाठी दर सहा तासांनी सोनोग्राफी. म्हणजे हा धंदा यंत्र, डॉक्टर आणि नोंदवहीचा आहे. शर्यतीचे थरोब्रेड तर यात येतच नाहीत, त्यांच्या वंशावळीत कृत्रिम रेतनाचं शिंगरू जगात कुठंच धरत नाहीत. उरतात आपले मारवाडी, काठियावाडी. गिऱ्हाईक आहे, पण मोजकं.

आता वारसावाल्यांशी. काठियावाडी, मारवाडी आणि मणिपुरी जातीचे जिवंत घोडे निर्यातीच्या निर्बंधित यादीत आहेत, परवान्याशिवाय बाहेर जात नाहीत. ते ठीकच आहे. पण या बंधनानं घोडा वाचला का? २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू सव्वासहा लाख होते, २०१९ ला राहिले ३ लाख ४० हजार. सात वर्षांत जवळजवळ निम्मे गेले. ते काय अमेरिकेला गेले? टांगा गेला, वरातीला गाडी आली, चारा महागला, गवताळ रानं गेली. घोडा घरातच संपला, आणि आपण वेशीवर पहारा देत बसलो.

गीर गाईचं उदाहरण तुम्ही देणार, माहीत आहे. ब्राझीलनं आपले वळू नेले आणि आज आपणच तिकडून गीरचं रेत आणतो. बरोबर. पण त्यातून धडा काय घ्यायचा? ब्राझीलनं दुधाच्या नोंदी ठेवल्या, मुलींच्या दुधावरून बापाची पारख केली. आपल्याकडं मूळ जनावरं असूनही वह्या कोऱ्या राहिल्या. बीज गेल्यानं आपण मागं पडलो नाही, नोंद न ठेवल्यानं पडलो.

शिवाय नुसत्या रेतानं जात उचलून नेता येत नाही. परक्या घोडीला मारवाडी रेत भरलं की शिंगरू निम्मं मारवाडी. पिढ्यान् पिढ्या मारवाडीच रेत वापरलं तरी चौथ्या पिढीला ९४ टक्क्यांच्या आत. घोडीची पिढी साधारण चार वर्षांची धरा, म्हणजे सोळा वर्षं ते आपल्याच दारात रेत मागायला येणार. घोडा आणि घोडी दोन्ही इथंच. जिवंत जनावर विकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रेत जाऊ द्या, पण चार अटींवर.

एक, आधी रोग. ग्लँडर्सनं २००६ ला पुणे-पाचगणीत काय केलं ते जुन्या लोकांना आठवत असेल. यात इलाज नाही, जनावर मारावंच लागतं. मेरठला सैन्याच्या पशुवैद्यकीय केंद्रात घोड्यांचा रोगमुक्त विभाग उभा राहिला, २०२५ मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली. म्हणजे हे आपल्याला जमतं. तसंच रेत केंद्र देशी घोड्यांसाठी हवं. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्यांच्या रेत केंद्रासाठी १० कोटींपर्यंतची तरतूद २०२४ पासून आहे. राज्यानं ती मागावी.

दोन, जेवढे डोस बाहेर, तेवढेच त्याच घोड्याचे देशात ठेवायचे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं हे तंत्र आहे, बिकानेरच्या त्यांच्या आवारात २०२३ ला भ्रूण प्रत्यारोपणानं मारवाडी शिंगरू झालंय.

तीन, घोडेवाल्याचा वाटा लेखी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, परदेशी माणसाला बीज देताना परवानगी आणि लाभाचा वाटा त्यात आहेच. तो वाटा दलालाच्या खिशात न जाता पाळणाऱ्याच्या खात्यावर पडला पाहिजे.

चार, आपल्या भीमथडीला सध्या हात लावायचा नाही. धनगरांच्या वाड्यांनी सांभाळलेल्या या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता आत्ता कुठं मिळालीय. त्याचे नर मोजून, रेत गोठवून आधी बारामती, फलटण, माळशिरसच्या घोड्या भरा. घरचं ताट भरल्यावर पाहुण्याचं बघू.

आणि घोडेवाल्यांनो, एक काम उद्यापासून बिनपैशाचं आहे. एका वहीत लिहा: कोणती घोडी, कोणत्या तारखेला, कोणत्या घोड्याला लावली, शिंगरू कधी झालं, आईबापाची चिप नंबर. आज यात्रेत रंग आणि उंची बघून भाव ठरतो, बाप कोण ते तोंडी सांगतात. अशा तोंडी वंशावळीला परदेशी गिऱ्हाईक सोडा, शेजारच्या तालुक्यातलाही शहाणा माणूस पैसे देणार नाही.

डॉक्टर मंडळींनी आकड्यांवर बोलावं, घोडेवाल्यांनी अडचणींवर. नुसतं "जय देशी" लिहू नका, त्यानं घोडी गाभण राहत नाही.