कच्च्या प्रुफावर निकाल छापू नका

गेल्या वर्षी निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत एकही गुणपत्रक धड छापता आलं नाही. कागद होता, शाई होती, चक्क वीजही होती. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने जावामध्ये प्रोग्राम करून दिला होता. गुण भरले की मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत गुणपत्रक तयार. मार्चमध्ये चाचणी घेतली तेव्हा सगळं चोख होतं. एप्रिलच्या शेवटी त्याने एका विषयाच्या नावातली चूक दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा बांधला, आणि उर्दू नावांची अक्षरं सुटी होऊन उलटी, डावीकडून उजवीकडे छापली जाऊ लागली. रात्री दोनपर्यंत आम्ही तिघा शिक्षकांनी नावं हाताने लिहिली.

पोरगा फोनवर रडवेला झाला होता. "सर, मी त्या भागाला हातसुद्धा लावला नाही." ते खरंच होतं. हात दुसऱ्याच कुणी लावला होता.

कुठलाही प्रोग्राम एकट्याच्या मेहनतीने उभा राहत नाही. उर्दू अक्षरं जोडणं, पीडीएफ तयार करणं ही कामं इतरांच्या तयार लायब्ररी करतात. जावात मेव्हन नावाचं साधन त्या आणून जोडतं. लायब्ररीची नोंद '२.३.१' अशी ठरलेल्या आवृत्तीने करता येते, किंवा '२.४-स्नॅपशॉट' अशी. पहिलीत आज, उद्या, वर्षाने, तीच वस्तू मिळते. दुसरीत लायब्ररीच्या कर्त्यांचं काम अजून चालू असतं. मेव्हन साधारण दिवसातून एकदा नवी प्रत आली का ते पाहतो आणि आली असेल तर न विचारता आणतो. नाव तेच, आतला माल वेगळा.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं साल छापलेलं असतं. ते कशासाठी? वर्गात 'पान ३४ काढा' म्हटल्यावर सगळ्यांपुढे एकच धडा यावा म्हणून. स्नॅपशॉट म्हणजे छापखान्यातलं कच्चं प्रूफ. ते मुद्रितशोधकाने वाचावं. त्यावर परीक्षा घ्यायची नसते.

आपल्याला तर ही शिस्त नवी नाही. हजरत उस्मान यांनी मुसहफाच्या प्रती तयार करवून शहरोशहरी पाठवल्या, त्या पाठ एक राहावा म्हणून. हदीस सांगणाऱ्याला आधी सनद विचारली जाते: कुणाकडून ऐकलंस, त्याने कुणाकडून? आणि गोदाकाठच्या पैठणला संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तोही याच काळजीपोटी. प्रोग्रामची बरोबरी मी या ग्रंथांशी करत नाही. पण 'हे नेमकं कुठून आलं' हा प्रश्न आपण विसरलो आहोत, एवढं म्हणतो.

यावर तरुण मंडळी म्हणतात, "सर, ठरलेली आवृत्ती म्हणजे लकीर के फकीर. सुरक्षेच्या दुरुस्त्या कशा मिळणार?" प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमध्ये मोठं भगदाड सापडलं आणि २.१५.०, २.१६.०, २.१७.० अशा आवृत्त्या काही दिवसांत पाठोपाठ आल्या. पण ज्याच्याकडे आवृत्ती लिहिलेली होती, त्याला आपण कुठे उभे आहोत आणि कुठे जायचं ते कळत होतं. आवृत्ती ठरवणं म्हणजे ती कधीच न बदलणं नव्हे. बदल आपण, आपल्या दिवशी, तपासून करायचा. जो वर्षानुवर्षं बदलतच नाही तो आळशी आहे. त्याचा दोष आवृत्तीवर कशाला?

उलट बाजूही पाहा. जानेवारी २०२२ मध्ये जावास्क्रिप्टच्या कलर्स या लायब्ररीच्या कर्त्यानेच तिच्यात मुद्दाम न संपणारं चक्र घातलं. 'नवी येईल ती चालेल' म्हणणाऱ्यांचे प्रोग्राम अडकले. १.४.० वर थांबलेल्यांना काही झालं नाही.

स्नॅपशॉटला जागा आहे. लायब्ररी आणि प्रोग्राम दोन्ही एकत्र घडत असतील तर आपल्या संगणकावर खुशाल वापरा. पण काम दुसऱ्याच्या हाती द्यायच्या क्षणी तो काढा. मेव्हनचं रिलीज प्लगइनसुद्धा स्नॅपशॉट दिसला की अडून बसतं. यंत्राला कळतं ते आपल्याला कळू नये?

मोठ्या कंपनीत काही बिघडलं तर रात्रपाळीला माणसं असतात. आमच्याकडे करणारा पोरगा पुण्यात आणि संगणक बीड जिल्ह्यातल्या शाळेत. दुसऱ्या दिवशी एका पालकाने ऐकवलंच, "गावातल्या पोरांकडून काम करून घेतलं की असंच होतं." जागरणापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. पोरगा हुशार होता, मेहनती होता. एका शब्दाने त्याची आणि त्याच्या मागून येणाऱ्यांची पत गेली. लोकांनी आपल्यावर टाकलेलं काम ही अमानत असते.

यंदा त्याने सगळ्या आवृत्त्या आकड्यात लिहिल्या आहेत, आणि चाचणीत शाळेतली खरी उर्दू नावं घातली आहेत. यापुढे कुणी प्रोग्राम घेऊन आला, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: कोणती आवृत्ती? 'एकदम लेटेस्ट, सर' हे उत्तर चालणार नाही.