मला ‘शुद्धीकरण’ सांगू नका

आंबिवली स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं त्या काउंटरमागे उभा आहे. माणूस औषध न्यायला येतो ते सगळ्या गल्लीला दिसतं. तो यायचा थांबतो ते फक्त मेडिकलवाल्याला कळतं.

त्या मुलीचं इन्सुलिन मी दर महिन्याला मागवून ठेवायचो. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दोन ते आठ अंशांत, डब्यावर तिच्या आईचं आडनाव लिहून. पोरगी पंधरा वर्षांची. टाइप वन, म्हणजे बहुतेकदा लहान वयात होणारा मधुमेह. त्यात स्वादुपिंड इन्सुलिन करणंच सोडून देतं. तिचे आजोबा आणि माझे वडील एनआरसीत एकाच पाळीला होते. २००९ साली मोहोन्याची ती रेयॉन कंपनी बंद पडली आणि हजारो घरांसारखी ही दोन्ही घरंही देणी मिळण्याची वाट बघत बसली. मी दुकानामुळे तगलो. त्यांच्याकडे बाप रिक्षा चालवतो आणि आई सकाळची लोकल धरून घाटकोपरला हाऊसकीपिंगला जाते.

एका संध्याकाळी आई आली. म्हणाली, “दादा, पुढच्या महिन्याचं मागवू नका.”

“का हो वहिनी?”

“मॅडम म्हणाल्यात, तिचं मणिपूर चक्र बंद होतं. आता उघडायला लागलंय. सुई हळूहळू सुटेल.”

मी विचारलं, डॉक्टरांशी बोललात का? ती म्हणाली, बोलते. मागे चार माणसं उभी होती. कुणाला ताप होता, कुणाला गाडी पकडायची होती. मी पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली. या लेखातला सगळ्यात मोठा दोष तो आहे आणि तो माझा आहे.

डोस कमी करत करत त्यांनी इन्सुलिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. आईने त्या बाईंना फोन लावला. कल्याणच्या एका सोसायटीत, एसी लावलेल्या खोलीत त्या ‘सेशन’ घेतात. अकरा सेशनचे सोळा हजार त्यांनी आगाऊ घेतले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, घाबरू नका, हे शुद्धीकरण आहे, साठलेलं विष बाहेर पडतंय, मी मुलीच्या फोटोवर इथूनच ऊर्जा पाठवते. रात्री मुलगी लांब लांब, खोल श्वास घ्यायला लागली. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. शेजारच्या बाईने तिला ओढून बापाच्याच रिक्षात घातलं. चार दिवस आयसीयूत होती. वाचली.

त्या वासाचं, त्या श्वासाचं कारण फार्मसीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर असूनही पेशींना ती घेता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला काढतं. त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. ते आम्ल घालवण्यासाठी शरीर खोल श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतं. यात शुद्ध काहीही होत नाही. माणूस मरायला लागलेला असतो. ‘शुद्धीकरण’ हा शब्द वापरून त्या बाईंनी मरणाची लक्षणं बरं होण्याची लक्षणं म्हणून विकली. हा शब्द त्यांनी शोधलेला नाही. हा त्यांच्या धंद्यातला ठरलेला शब्द आहे. वर्गात शिकवला जातो, सर्टिफिकेटबरोबर मिळतो. बरं वाटलं तर ऊर्जेने, बिघडलं तर शुद्धीकरण, काहीच झालं नाही तर तुमची श्रद्धा कमी. ज्या विद्येत चुकण्याची जागाच ठेवलेली नाही, तिला विद्या म्हणायला मी तयार नाही.

१९२२ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅनडात टोरोंटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तोवर असल्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेणं, एवढाच इलाज होता. पहिलं इंजेक्शन फसलं. औषध अशुद्ध होतं, मुलाला त्याचा त्रास झाला. ते फसलं असं हा अर्क काढणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांनी मान्य केलं. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी दिवसरात्र खपून अर्क शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दुसरं इंजेक्शन दिलं. मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षं जगला. इन्सुलिनचं पेटंट त्यांनी विद्यापीठाला दिलं, प्रत्येकी एक डॉलर घेऊन.

त्याच १९२२ मध्ये जपानात क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर मिकाओ उसुई यांना एकवीस दिवसांच्या उपवासानंतर रेकीचा, म्हणजे हातांतून ऊर्जा देण्याच्या विद्येचा, साक्षात्कार झाला, असं रेकीवाले सांगतात. उसुई १९२६ साली गेले. ही विद्या हवाई बेटांमार्गे अमेरिकेत नेणाऱ्या हावायो टाकाटा ‘मास्टर’ करायचे दहा हजार डॉलर घेत. शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत इन्सुलिन किती वेळा बदललं! गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून निघणारं, मग जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी, मग लवकर काम करणारं, मग चोवीस तास पुरणारं. प्रत्येक वेळी आधीच्यात काय कमी होतं ते कुणीतरी मोजलं आणि छापलं. रेकीने शंभर वर्षांत स्वतःची एक तरी चूक शोधून सुधारली आहे का? एखादा आजार असा आहे का, ज्याबद्दल या लोकांनी बसून ठरवलं की यावर आपलं चालत नाही, इथे हात लावायचा नाही? लेव्हल वन, लेव्हल टू, मास्टर, ग्रँडमास्टर अशा पायऱ्या मात्र वाढत गेल्या.

‘ऊर्जा’ या शब्दाला भौतिकशास्त्रात अर्थ आहे, एकक आहे, मोजमाप आहे. बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. हृदयात वीज असते. ईसीजीची पट्टी म्हणजे त्या विजेचाच आलेख, आणि ते यंत्र करणाऱ्या आइंटहोवन यांना १९२४ चं नोबेल मिळालं. हे खरं आहे, म्हणूनच उपचारवाले त्याच्या आडोशाला उभे राहतात. “शरीरात ऊर्जा असते हे सायन्ससुद्धा मानतं,” असं मला दुकानात येऊन सांगतात. सायन्स जी मानतं ती मोजता येते. तुम्ही जी विकता ती एकदा मोजायला द्या.

एकदा ती मोजली गेली होती, आणि मोजणारी शाळकरी मुलगी होती. अमेरिकेतल्या एमिली रोझाने शाळेच्या प्रयोगासाठी ‘थेरप्युटिक टच’ करणारे एकवीस उपचारक घेतले. माणसाभोवतीचं ऊर्जाक्षेत्र आपल्या हाताला जाणवतं, असं हे लोक सांगत. तिने मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा लावला, उपचारकांना दोन्ही हात त्याखालून पुढे करायला सांगितले, नाणं उडवलं आणि त्यांच्या एका हातावर, न टेकवता, आपला हात धरला. कोणत्या हातावर, एवढंच सांगायचं. २८० वेळा विचारलं. १२३ वेळा बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून छापा-काटा म्हटलं असतं तर याहून बरं जमलं असतं. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुठ्ठा आणि नाणं कुठल्याही घरात सापडतं. आमच्याकडच्या एका तरी ग्रँडमास्टरने शिष्यांसमोर हा प्रयोग करून दाखवावा. मी दुकान बंद ठेवून बघायला येतो.

मग परंपरेचा आधार काढतात. हे आपल्या ऋषींचं आहे, म्हणतात. तुमच्या भिंतीवरचा तांबडा-नारिंगी-पिवळा इंद्रधनुष्याचा तक्ता ऋषींचा नाही. चक्रांना ते सात रंग विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य लेखकांनी चढवले. जुन्या तांत्रिक ग्रंथांत मूलाधार चक्रात पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन आहे. आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडून बघा. तिथे कुंडलिनी आहे, पण आसन योग्याचं, दम योग्याचा, वर्षानुवर्षांची साधनाही त्याचीच. कुणी सोळा हजार घेऊन दुसऱ्याची कुंडलिनी फोटोवरून हलवतो, असं माउलींनी कुठेही सांगितलेलं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या पारायण आहे. तुमच्या दुकानाला ज्ञानेश्वरांची पाटी लावलेली मला सहन होत नाही.

आणि हे कल्याणात चालावं! आनंदीबाई जोशींचं हे जन्मगाव. चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं, वेळेवर नीट उपचार नव्हते. त्या पोरीने दुःख कवटाळून बसण्याऐवजी समुद्र ओलांडला आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आली. पुढच्याच वर्षी क्षयाने गेली, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. तिच्या गावात आज शिकलेल्या बायका शिकलेल्या बायकांना सांगतात, लेकराची सुई बंद कर.

कायदा काय करतो? डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. वर्षानुवर्षं ते जादूटोणाविरोधी कायदा मागत राहिले, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला इलाजापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. चांगलं आहे. पण साप, कुत्रा आणि विंचू! टिटवाळ्यापलीकडच्या पाड्यावरचा भगत त्यात बरोबर सापडतो. सोसायटीतल्या बाईंनी इन्सुलिन थांबवलं, तर मधुमेहाचं नाव त्या कलमात नाही. गरिबाचा मांत्रिक गुन्हेगार आणि मध्यमवर्गाचा मांत्रिक ‘थेरपिस्ट’, अशी ही वाटणी आहे आणि ती बदलली पाहिजे. त्या कलमात ‘चालू असलेलं कोणतंही वैद्यकीय औषध’ हे शब्द घाला. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा मंत्राने रोग बरा करण्याच्या जाहिरातीला बंदी करतो, मधुमेह त्याच्या यादीत नावानिशी आहे. पण तो जाहिरातीपुरता. बंद खोलीत, कानात सांगितलेल्या गोष्टीची जाहिरात होत नाही.

माणसं तिकडे का जातात हे मला कळत नाही, असं समजू नका. मी रोज बघतो. सरकारी दवाखान्यात तीन तास रांग आणि दोन मिनिटं डॉक्टर. खासगीत पैसे मोजून चार मिनिटं. आई विचारते, माझ्या पोरीला आयुष्यभर सुई का, आणि डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारतो. त्या सोसायटीतल्या खोलीत मात्र तिला पाऊण तास मिळतो. कुणीतरी नाव घेऊन बोलतं, डोक्यावर हात ठेवतं, दिवा मंद करतं. आतून गलबलून रडू येतं आणि हलकं वाटतं. ते हलकं वाटणं खोटं नाही. दुखणं, काळजी, न येणारी झोप यांवर मायेच्या हाताचा परिणाम होतो. रक्तातल्या साखरेवर होत नाही. हातात हात घेऊन बसणं हे मोठं काम आहे, इस्पितळांनी त्यासाठी पगारी माणसं ठेवायला हवीत. उपचारकांनीही तेवढंच करावं, तेवढ्याचेच पैसे घ्यावेत, आणि दारावर ठळक अक्षरांत लिहावं की इथे कुठलंही औषध बंद करायला सांगितलं जात नाही. जो असं लिहायला तयार होणार नाही, त्याच्या पोटात काय आहे ते मी ओळखतो.

माझ्या धंद्यालाही सोडत नाही. आम्ही मेडिकलवाले चिठ्ठी बघतो, पैसे घेतो, पिशवी देतो. आमच्याकडे रजिस्टर आहे, कुणाचं काय कधी संपणार ते आम्हाला माहीत असतं. सांगतो कुणाला?

आता काउंटरखाली एक वही ठेवली आहे. इन्सुलिन, फिटची गोळी, थायरॉइड, टीबीचं औषध. नाव, फोन, संपायची तारीख. तारखेवर तीन दिवस गेले की रात्री दुकान बंद करताना मी फोन लावतो. बहुतेकांचं कारण साधं निघतं, पैसे नाहीत किंवा गावी गेलेत. पैसे नसतील तर उधारीवर देतो. मागच्या महिन्यात एका माणसाने सांगितलं की सध्या क्रिस्टलचे उपचार चालू आहेत, फिटची गोळी सोडली. मी शटर अर्धं ओढून वडवलीला त्याच्या घरी गेलो, गोळी खिशात घेऊन. त्याने आधी दार उघडलं नाही. मग बायकोने उघडलं.

त्या मुलीचा डबा मधल्या कप्प्यात परत आला आहे. आता त्यावर आईचं नाही, तिचं स्वतःचं नाव असतं. ते तिनेच लिहायला लावलं. क्लासवरून येताना ती स्वतः घेऊन जाते. परवा पेन पिशवीत टाकता टाकता तिने विचारलं, “काका, तेव्हा मी आले नाही, तर तुम्हाला कळलं होतं का?”

मी हो म्हणालो.