क्षमा करायची कुणी?

दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं आणि रझाकारांच्या जुलमाची भाषणं होतात. जाळलेली गावं, लुटलेली घरं, ‘आपल्या आयाबहिणींची विटंबना’. ते सारं घडलं होतं, त्यात खोटं काही नाही. पण भाषण १७ सप्टेंबर १९४८ ला थांबतं. पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही.

पुढे सूड झाला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल दिला. समितीच्या अंदाजाने कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. तेव्हाचे उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. आपला औरंगाबाद जिल्हाही सुटला नाही. बायकांवर बलात्कार झाले, काहींना पळवून पार सोलापूर-नागपूरपर्यंत नेलं. हा अहवाल सरकारने दडवून ठेवला. तो सर्वांना पाहायला मिळाला २०१३ मध्ये.

म्हणजे एका बाजूच्या बाईचं दुःख व्यासपीठावर आणि दुसऱ्या बाजूच्या बाईचं सरकारी कपाटात! बरं, व्यासपीठावरच्या बाईला तरी कुणी विचारलं का, की घरच्यांनी तिला परत घरात घेतलं का? भाषणाला तिची विटंबना लागते, ती लागत नाही.

अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ (१९५०) ही कादंबरी पंजाबची, फाळणीची. पण खुलताबादच्या आमच्या गटात तिची गोष्ट सांगितली, तेव्हा बायकांना ती परकी वाटली नाही. घराण्यांच्या जुन्या वैरापायी रशीद पूरोला पळवतो. ती निसटून माहेरी येते, तर आईबापच तिला घरात घेत नाहीत. फाळणीच्या आगीत हाच रशीद तिच्या भावजयीला सोडवायला मदत करतो. शेवटी भाऊ बोलावतो, पण पूरो जात नाही.

“रशीद चांगला निघाला की,” एकजण म्हणाली. दुसरीने ताडकन विचारलं, “तिला दुसरा रस्ता कुठे होता?”

दोघींचंही खरं आहे. रशीदचा पश्चात्ताप खरा आणि त्याचा गुन्हाही खरा. लेखिका एकाने दुसरा पुसून टाकत नाही. आणि राहायचं की जायचं, हे पूरो स्वतः ठरवते. त्याच काळात १९४९ चा कायदा पळवलेल्या बायकांना त्यांची मर्जी न विचारता ‘परत’ आणत होता!

म्हणून या गोष्टीतून ‘बाईने माफ करावं’ असा बोध काढणाऱ्यांना आपण अडवलं पाहिजे. “झालं गेलं विसर, त्याच्याशीच लग्न लावून देऊ” असं म्हणणारे प्रतिष्ठित आपल्याला नवे नाहीत. बलात्काराच्या खटल्यात तडजोड चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावलं, तरी मिटवामिटवी थांबलेली नाही. सरकारही तेच करतं. २००२ च्या गुजरातमधल्या बिल्कीस बानो प्रकरणात मुंबईच्या न्यायालयाने जन्मठेप दिलेल्या ११ जणांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतीआधी सोडलं. त्यांना हार घातले गेले. बिल्कीसला मात्र कुणी विचारलं नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली.

क्षमा हा सोसलेल्या बाईचा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. तिच्या वतीने ना घराण्याने माफी द्यावी, ना सरकारने. आणि तिच्या नावाने सूडही कुणी घेऊ नये.

मैत्रिणींनो, १९४८ आठवणाऱ्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत. पुढच्या १७ सप्टेंबरच्या आत आपापल्या गावात, दोन्ही समाजांच्या वस्त्यांत, त्यांच्याजवळ जाऊन बसू या. काय सांगायचं, काय नाही, आणि कुणाला माफ करायचं की नाही, ते त्याच ठरवतील. आपण फक्त ऐकायचं, आणि एकीचं ऐकताना दुसरीचं झाकायचं नाही.