वारसा एक असू दे, जमीन नको

देशभर मालमत्तेचा एकच कायदा करा, असे म्हणणाऱ्यांची मोट मोठी विचित्र आहे. तीत समान नागरी कायदा सांगणाऱ्या राज्यघटनेच्या ४४व्या कलमाचे पाठीराखे आहेत, मुलींच्या वारसाहक्कासाठी झगडणाऱ्या संघटना आहेत आणि कुठल्याही राज्यात बिनबोभाट जमीन घेता यावी म्हणून टपलेले गुंतवणूकदारही आहेत. घोषणा एक, मागण्या तीन. पहिल्या दोघांचे बरेचसे म्हणणे मला पटते, तिसऱ्याचे अजिबात नाही. हा फरक समजायला दिल्ली गाठायला नको. लोणंदच्या तलाठी कार्यालयाबाहेर तासभर उभे राहिले तरी पुरते.

तिसऱ्याचे आधी पाहू. जमिनीचा कायदा देशभर एकसारखा करता येईल, हे म्हणणेच मुळात टिकत नाही. वीर धरणातून निघालेला नीरा उजवा कालवा खंडाळा तालुक्याच्या कडेने फलटणकडे जातो. कालव्याखाली ऊस, कालव्यावर जिरायत. म्हणून तुकडेबंदीच्या नियमांत २०२३ पासून बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे वेगवेगळे प्रमाणभूत क्षेत्र आहे. एका तालुक्यात जिथे दोन मापे लागतात, तिथे बस्तर आणि बारामतीला एक माप कसे चालेल? घटनाकारांनी जमीन राज्यसूचीत ठेवली ती उगाच नव्हे.

शिवाय महाराष्ट्राचाच अनुभव पाहा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने मुंबई, मध्य प्रांत आणि निजामी राजवटीतले महसुली कायदे एकत्र केले, हे खरे. पण कूळकायदे? पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, मराठवाड्याला १९५० चा, विदर्भाला १९५८ चा, असे तीन कायदे आजही चालू आहेत. राज्य स्थापन होऊन साठ वर्षे उलटली तरी राज्याच्या आत हे जुळले नाही. आणि सगळे जुळवायचेच ठरले, तर कोणाच्या बाजूने जुळवणार? आपल्याकडे कूळकायद्याच्या ६३व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये ही अट काढून टाकली. म्हणजे निपाणीला जे चालते ते कागलला चालत नाही. एकरूपतेच्या नावाखाली कोणता नियम उचलला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. वतन गेलेल्या आणि इनाम खालसा झालेल्या जमिनींच्या सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग-२’ हा शिक्काही त्या नव्या कायद्याला अडगळच वाटेल. त्या शिक्क्यामागे मात्र कुणाची तरी वडिलोपार्जित जमीन राखलेली असते.

वारशाची गोष्ट निराळी आहे. बाप मेल्यावर त्याचे वारस कोण, याचे उत्तर पाण्यावर अवलंबून नाही, मातीवरही नाही. घटनेनेही वारसा आणि मृत्युपत्र समवर्ती सूचीत घातले आहेत. इथे एकच कायदा हवा, आणि तो समान हवा. साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव घातले गेले त्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला, पण एकत्र कुटुंबातला जन्मसिद्ध हक्क त्याने मुलग्यांपुरताच ठेवला. आंध्रने १९८५ मध्ये, तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींना दिला. तोही अर्धामुर्धा, कारण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली आपण वगळल्या. मग २००४-०५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांच्या पुढाकाराने अनेक संघटना एकत्र आल्या आणि शेतजमिनीला वेगळे काढणारे १९५६ च्या कायद्यातले ४(२) हे पोटकलम केंद्राकडून रद्द करवून घेतले. मालमत्तेचा कायदा देशभर समान व्हावा म्हणून झालेली खरी एकजूट ही. तिच्या नावाने आज कोणी मिरवणूक काढत नाही.

‘मग आता आणखी काय हवे? मुलींना हक्क मिळालाच की!’ असे पारावर ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितले, की हक्क जन्माने मिळतो, मुलींना तो देशभर देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीवेळी बाप हयात असण्याची गरज नाही. छान. पण कितीतरी सातबाऱ्यांवर अजून थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकटेच बसलेले असते. वडील गेल्यावर गाव नमुना ६-क मध्ये वारस चढवायची वेळ आली, की भाऊ म्हणतो, “ताई, एवढी एक सही दे, तुझं माहेर काय कुठं जात नाही.” ताई सही देते. नाममात्र मुद्रांकावर हक्कसोडपत्र नोंदले जाते आणि संसदेने दिलेले साडी-चोळीत फिटते. रस्ता रुंद व्हायला लागला, भूसंपादनाच्या मोबदल्याचा आकडा कळला, की त्याच ताईला ‘लोभी’ म्हणायला गाव मोकळे.

यावरचा सगळ्यांत आवडता युक्तिवाद तुकड्यांचा. बहिणींना वाटा दिला तर शेतीच्या चिंध्या होतील म्हणतात. चार भावांत वाटणी होते तेव्हा ही काळजी कोणाला पडत नाही, हे एक. दुसरे, तुकडेबंदी बांध घालण्याला आडवी येते, सातबाऱ्यावर नाव लागण्याला नाही. सामाईक नावे राहू शकतात. तिसरे म्हणजे, बहिणीने हिस्सा विकायला काढलाच तर तो आधी विकत मागण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याच्या २२व्या कलमाने सहवारसांना दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. जमीन परक्याच्या हाती जाईल ही भीती खरी असेल तर भावाने बहिणीला किंमत मोजावी. फुकट हवी असेल तर तसे म्हणावे.

म्हणून एकरूपतेच्या आघाडीने भारंभार मागण्यांऐवजी एका गोष्टीला हात घालावा: मृत्युपत्राला. आज स्वकष्टार्जित सगळे आणि वडिलोपार्जितातला आपला हिस्सा बाप एका कागदावर मुलाच्या नावे करू शकतो. जन्मसिद्ध हक्काची वाट तिथेच अडते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम वेगळा आहे. मुले असतील तर मालमत्तेचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव, त्यावर मृत्युपत्राची मात्रा चालत नाही. गोवा मुक्त होऊन साठ वर्षे झाली, तिथला शेतकरी या नियमाने बुडाला असे कोणी दाखवलेले नाही. तो राखीव हिस्सा सिंधुदुर्गात आणा, साताऱ्यात आणा, उत्तर प्रदेशात आणा. तिथल्या २००६ च्या महसूल संहितेने विवाहित मुलीला मुलाच्या पंक्तीत बसवले नाही, त्याचाही हिशेब त्यातच करा. आणि वडिलांच्या मृत्यूनंतर सहा महिने हक्कसोडपत्र नोंदवायचेच नाही, नोंदवताना दुय्यम निबंधकाने जमिनीचा त्या दिवशीचा बाजारभाव बहिणीला एकटीला, भावाला बाहेर बसवून, मोठ्याने वाचून दाखवायचा. एवढे केले तरी लोणंदच्या तलाठ्याकडच्या फेरफारांचा रंग बदलेल.